कठडा धरून उभी

यंदा माघ सुरू झाला तरी आमच्या गल्लीतून रात्री कुणी जात नाही. शेतांवर सौर पंप आले. ऊन आलं की पाणी येतं, ऊन गेलं की पाणी जातं. माणसं दिवसा गव्हाला, हरभऱ्याला पाणी देतात आणि रात्री आपापल्या घरात घोरतात. ही चांगलीच गोष्ट आहे, हळहळण्यासारखं त्यात काही नाही. रात्रीच्या पाण्यापायी आमच्याकडं माणसांना साप चावले, विहिरीच्या काठावरून पाय घसरले, थंडीत छाती भरून आली. माझा धंदा मोटारी वाइंडिंगचा. भूमला स्टँडच्या मागं गाळा आहे, राहायला जवळच्या गावात. रात्रीच्या कमी दाबाच्या लाइटीवर मोटारी जळायच्या आणि सकाळी माझ्या दारात यायच्या. आता त्या कमी येतात. तरी मी हळहळत नाही. फक्त रात्री मधेच जाग येते, कान बाहेर लागतात आणि बाहेर काहीच नसतं.

मग मला तो हंगाम आठवतो. माझी मुलगी मैत्री तेव्हा रांगत होती. आता ती तिसरीत आहे, स्वतःची वेणी स्वतः घालते आणि मी सांगितलेली कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात खरी मानत नाही. "रोज रात्री उभी राहायचीस तू," असं सांगितलं की म्हणते, "कामून? मला काय येड लागलं होतं?" कामून, हे मलाही नीट ठाऊक नाही. एक कारण आम्ही शोधलं होतं खरं. ते बरोबर होतं की आमच्या गल्लीनं एकमतानं बरोबर ठरवलं होतं, हे सांगणं अवघड आहे.

हंगाम तसा आमच्याकडं दर वर्षी येतो तसाच होता. ज्वारी हुरड्यात आलेली, करडईचे काटे धोतराला लागायला लागलेले, हरभऱ्याची आंब सकाळी बोटांना चिकटायची. गाळ्यात तांब्याच्या जळक्या तारेचा आणि वार्निशचा वास. सकाळी शटर उघडायच्या आधीच तीन-चार गडी मोटारी घेऊन बसलेले असायचे, सगळ्यांचे डोळे लाल. एरवी मी त्यांच्याकडं बघून हसायचो. त्या वर्षी माझेही डोळे लालच असायचे. "तुमची बी रातपाळी चालू हाय का भाऊ?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "व्हय, आमच्या घरी एक उभी मोटार बसवलीय. रात्री आपोआप चालू होते."

माझी बायको सुनीता परिचारिका. तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी. बाळंतपणाची आणि त्याला जोडून घेतलेली सगळी रजा त्या माघात संपत होती आणि पाळ्या लागल्या तेव्हा तिच्या वाट्याला पहिलीच रातपाळी आली. म्हणजे रात्री पोरगी आणि मी, दोघंच. हे कळल्यावर तिच्या आईचा बेंबळीहून फोन आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "सुगी होईस्तोवर लेकरू माझ्याकडं राहू द्या. गडी माणसाला न्हाय जमत रातचं लेकरू." सुनीतानं "बघू" म्हटलं. तिच्या "बघू"चा अर्थ मला कळत होता. पोरगी रात्री नीट झोपायला लागली तर इथं राहील, नाही तर रजा संपायच्या आदल्या दिवशी आजी येऊन तिला घेऊन जाईल. बेंबळी पार धाराशिवच्या पलीकडं. आठवड्यातून एकदा भेट झाली तरी खूप.

मला पोरगी जायला नको होती. कारण काही मोठं नव्हतं. संध्याकाळी मी गाळ्यावरून यायचो तेव्हा ती माझ्या बोटांचा वास घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. वार्निशचा वास. जगात कुणालाही न आवडणारा तो वास तिला ओळखीचा झाला होता. सुगी सरल्यावर ती परत आली असती तेव्हा तिनं तो ओळखला असता की नाही, याची मला भीती वाटत होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, "वासाचं काय एवढं?"

आधी ती झोळीत झोपायची. साडीची झोळी, तुळईला बांधलेली. झोळीत लेकरू उभं राहू शकत नाही, तिथं ते आंब्यासारखं तळाशी जातं आणि निवांत पडतं. पण पोरगी वाढली, पाय बाहेर काढायला लागली, तेव्हा भूमच्या एका सुताराकडून मी चारही बाजूंनी कठडा असलेला छोटा पलंग करून घेतला. बाभळीचं लाकूड, चांगलं घासलेलं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकीनं विचारलं, "ह्यात कोंबड्या ठिवायच्या का?" तेव्हापासून त्या पलंगाचं नाव खुराडं पडलं. पुढं सुनीताही बोलता बोलता "खुराड्यात टाका तिला" असं म्हणायला लागली.

खुराड्याचा कठडा धरून पोरगी एका संध्याकाळी उभी राहिली. त्या वेळी माझे चुलते, आप्पा, नेमके दारात होते. आप्पांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं, आवाज मात्र तिशीतला. आमच्या घरांत लेकराला बोलता यायच्या आधी जय भीम करता येतो. कुणी आलं की लेकराचे दोन्ही हात धरून आई ते जोडते आणि लेकरू तेच शिकतं. आमची पोरगी मात्र हात सोडायला तयार नव्हती, कारण हात सोडले की ती पडणार. म्हणून तिनं उभं राहण्यालाच जय भीम ठरवलं. आप्पांनी दारातून गर्जना केली, "जय भीम, मैत्रीताई!" आणि ती कठड्याला धरून ताठ उभी. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणींनी वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला जो तो येता-जाता दारात थांबायचा, जय भीम घालायचा, पोरगी उभी राहायची, टाळ्या पडायच्या. आमच्या गल्लीला तेव्हा दुसरी करमणूक नव्हती असं नाही, पण एवढी भरवशाची नव्हती.

बसायचं कसं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नाही. उभं राहण्याचं कौतुक करून जो तो निघून जायचा. मग सुनीता किंवा मी तिला काखेत धरून खाली ठेवायचो. लेकराला बसणं शिकवावं लागतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि मग रात्री सुरू झाल्या. झोप लागलेली असायची, अंधार असायचा आणि खुराड्याचं लाकूड किंचित कुरकुरायचं. डोळे उघडावेत तर कठड्याच्या वर एक डोकं. ती रडत नसायची, निदान पहिल्यांदा नाही. अंधारात कुणी तरी येणार आहे आणि आपल्याला उभं राहायला सांगितलं आहे, अशी ती बघत राहायची. तोंडावर खोडी नसायची, आनंद नसायचा. मग पाय थरथरायला लागायचे. बसावं असं वाटायचं आणि बसता यायचं नाही. तेव्हा मग ती अशी रडायची की शेजारच्यांच्या म्हशीसुद्धा उठून उभ्या राहायच्या.

सुनीतानं मला नियम घालून दिले होते. दिवा लावायचा नाही. बोलायचं नाही. उचलून घ्यायचं नाही. काखेत धरून आडवं करायचं, पाठीवर हात ठेवायचा, हात काढायचा. आणि झोपलेल्या लेकराला कधी म्हणजे कधी उचलायचं नाही. दवाखान्यात ती बायकांना हेच सांगायची. मी तसंच करायचो. आडवं केलं की ती त्याच चालीनं परत उभी. पुन्हा आडवं, पुन्हा उभी. मोटारीच्या पंख्याला हातानं एक फेरा दिला की तो दुसरा फेरा स्वतः मारतो, तसं काहीसं. एका रात्री कंटाळून मी तिला आमच्या अंथरुणात घेतलं, तर ती माझा कान धरून उभी राहिली. जमिनीवर टाकावं तर फरशी गार, आणि आमच्या दगडी घरात थंडीचे विंचू उबेला येतात. शेवटी मीच खुराड्याजवळ बसून कठड्याला डोकं टेकवायचो आणि सकाळी कपाळावर लाकडाची रेघ घेऊन गाळ्यावर जायचो.

यातली गंमत आधी सुनीताच्या लक्षात आली. त्या काळात शेतीपंपांची लाईट आठवडाभर दिवसा असायची, आठवडाभर रात्री. रात्रीच्या आठवड्यात पोरगी उठायची. दिवसाच्या आठवड्यात गाढ झोपायची. "ही काय लाइटीवर चालतीय का?" सुनीता म्हणाली. मला वाटलं, लाईट येताना काही आवाज होत असेल. आवाज होताच. आमच्या खिडकीखाली गल्ली संपते आणि शेताची वाट सुरू होते. लाईट यायच्या आधी माणसं बॅटऱ्या, फावडी घेऊन तिथं जमायची. अंधारात कोण आलं हे दिसत नाही, म्हणून एक जण लांबून आवाज द्यायचा, "जय भीम!" दुसरा उत्तर द्यायचा, "जय भीम!" आवाजावरून माणूस ओळखायचा आणि पुढं चालायचं. त्यात आप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा. आणि आमची पोरगी झोपेतून उठून, कठडा धरून, सगळ्यांना मान देत उभी.

आम्ही दोघं अंधारात एकमेकांकडं बघून हसलो. नंतर हसू ओसरलं. रजेचे थोडेच आठवडे उरले होते आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात लाईट नेमकी रात्रीची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आप्पांकडं गेलो. ते ओट्यावर बसून बॅटरीची काच धोतरानं पुसत होते. मी म्हटलं, "आप्पा, एक सांगायचं हाय. राती खिडकीखाली जरा हळू बोलाल का? पोरगी उठती."

"हळू म्हंजी?"

"म्हंजी... जय भीम जरा हळू घालायचा."

आप्पांनी बॅटरी खाली ठेवली. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

"बाळू," ते म्हणाले, "माझ्या बापानं भर रस्त्यात मोठ्यानं जय भीम घातला म्हणून सुगीला आमाला कुणी रानात बोलावलं न्हाय. समद्या गावची ज्वारी निघाली, आमी घरात. माझा बाप रोज संध्याकाळी बाहीर यायचा, अजून मोठ्यानं घालायचा, आन् उपाशी झोपायचा. माझं तोंड तवापासून असं उघडं पडलंय. आता हळू कसं घालायचं, ते तू मला शिकीव."

मी काय शिकवणार? मी म्हटलं, "राहू द्या आप्पा." ते म्हणाले, "न्हाय, पर लेकराचं काय मग?" मी म्हटलं, "बघतो." आमच्या घरात सगळे "बघू"च म्हणतात. घरी येऊन सुनीताला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुमी त्यांना सांगायला गेलावच कशाला? आपलं लेकरू आपण बघू." पण तिचं तोंड उतरलं होतं. त्या रात्री तिनं पोरीची झबली वेगळी काढून ठेवलेली मी बघितली.

आता मागं वळून बघताना वाटतं की आप्पांचं ते वाक्य ऐकून माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली. उभं राहणाऱ्याला गप्प बसवायला जाऊ नये, त्याला बसता येतं का एवढं बघावं. हे तेव्हा असं शब्दांत सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त पोरीला दुपारी गाळ्यावर न्यायला लागलो. सुनीता सोबत यायची, दारात बसायची. एका मोठ्या जळक्या मोटारीला धरून पोरगी उभी राहायची आणि मी तिच्या पायाशी तारेचं रिकामं रीळ टाकायचो. तिला रीळ पाहिजे असायचं. एक हात मोटारीला, दुसरा खाली. पोचायचा नाही. चिडायची. मी मागून तिचे गुडघे बोटानं हलकेच दाबायचो. गुडघे वाकायचे, बूड जमिनीला टेकायचं, रीळ हातात. ती चकित होऊन स्वतःच्या गुडघ्यांकडं बघायची. गिऱ्हाइकं मोटारीची घाई विसरून तिथंच उकिडवी बसायची आणि रीळ उचलून परत टाकायची. भूमच्या आठवडी बाजारादिवशी तर माझ्या गाळ्यासमोर डोंबाऱ्याच्या खेळाला जमावी एवढी गर्दी झाली होती.

आप्पांना हे कुणी सांगितलं ते माहीत नाही. त्यांनी मात्र त्यांच्या पद्धतीनं शिकवणी सुरू केली. संध्याकाळी दारात यायचे, "जय भीम, मैत्रीताई!" पोरगी उभी. टाळ्या नाहीत. आप्पा दोन्ही हात खाली करत, सभेत वंदना झाल्यावर सांगतात तसं म्हणायचे, "बसा!" पोरगी बघत राहायची. आप्पा स्वतः गुडघे धरत, कण्हत, दारात बसायचे. "बसा, सभा सुरू करू." मग एके दिवशी ती खरंच बसली. सत्तरीचा म्हातारा आणि वर्षाच्या आतली पोरगी, कठड्याच्या अलीकडं-पलीकडं समोरासमोर बसलेली. आप्पांना मग उठता येईना. मी हात देऊन उठवलं.

रजा संपायच्या पंधरा दिवस आधी, रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात, एका रात्री मला जाग होती. खिडकीखाली बॅटरीचा उजेड हलला. "जय भीम!" कुणी तरी म्हणालं. लाकूड कुरकुरलं, डोकं वर आलं. मग आप्पांचा आवाज आला, नेहमीचाच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, "जय भीम!" आणि त्याच्यामागून तेवढ्याच मोठ्यानं, "बसा!" बाहेरची माणसं खो खो हसली. एकानं विचारलं, "कुणाला बसवताव आप्पा, रानात चाललो की आपण." आप्पा म्हणाले, "तुला न्हाय रं. चल." पुढच्या रात्रीपासून सगळेच तसं म्हणायला लागले. तो सगळा आठवडा आमच्या गल्लीत रात्री माणसं जय भीम घालायची आणि एकमेकांना बसा म्हणत उठून शेताकडं जायची. परक्या माणसानं ऐकलं असतं तर त्याला आमच्या डोक्याचा संशय आला असता.

सुनीताचं मत वेगळं आहे. ती म्हणते, त्या वयात सगळीच लेकरं उभी राहतात आणि महिन्याभरात आपली आपण बसायला शिकतात, त्यात कुणी काही करावं लागत नाही. तिनं शेकड्यांनी लेकरं बघितली आहेत, मी एकच. मी वाद घालत नाही. आप्पा आता नाहीत, त्यामुळं त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी उरलेलं नाही. मैत्रीला विचारावं तर ती म्हणते, "तुमी दोघं बी उगं काई बी सांगताव."

पहिल्या पाळीच्या संध्याकाळी सुनीता निघाली तेव्हा सासूबाईंना तिनं सांगून ठेवलं होतं, "आजची रात बघू. उद्या सकाळी फोन करते, मग ये न्यायला." पोरगी तिच्या ओढणीला धरून उभी होती. सुनीतानं ओढणी सोडवून घेतली, मागं न बघता गाडीकडं गेली. मी पोरीला भरवलं, खुराड्यात ठेवलं, पाठीवर हात ठेवला, हात काढला. रात्री माणसं आली, बोलली, गेली. ती उभी राहिली. अंधारात तिनं खिडकीकडं तोंड केलं, थोडं थांबली, मग एक हात सोडला, गुडघे वाकवले आणि बसली. थोड्या वेळानं आडवी झाली. पहाटे पुन्हा एकदा तसंच. मी अंथरुणात पडून होतो. उठायची गरज पडली नाही. मग रात्रीच्या लाइटीचा आठवडा आहे हे विसरून मीही गाढ झोपलो.

सुनीता पहिल्या गाडीनं आली. डोळे सुजलेले, अंगावर गणवेश तसाच, पायात बूट. दारातूनच तिनं विचारलं, "किती येळा उठली?"

"दोनदा."

"मग?"

"बसली की. तिची ती."

"रडली?"

"न्हाय. एकदा बी न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवून तिनं तिथंच उभ्यानं आईला फोन लावला. "आई, तू नको येऊस. ऱ्हातीय ती हितं. व्हय, झोपली नीट. व्हय, ह्यांना जमलं." तिचा आवाज आनंदाचा होता आणि मलाही इतकं बरं वाटलं की मी चहाचं आधण ठेवायला वळलो.

फोन ठेवून ती खुराड्यापाशी गेली. पोरगी कुशीवर झोपली होती. सुनीता बराच वेळ तिच्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं कठड्यावरून दोन्ही हात आत घातले.

"अगं, हात नको लावू," मी दबक्या आवाजात म्हणालो, "गाढ झोपलीय."

तिनं उचलली. पोरगी दचकली, डोळे उघडले आणि घसा फोडून रडायला लागली. मी आधण तसंच सोडून आलो.

"कामून उठवलंस? तूच सांगतीस ना..."

सुनीतानं तिला खांद्याशी घट्ट धरलं होतं, बूट अजून काढलेले नव्हते.

"रडू द्या," ती म्हणाली. "रातभर रडली न्हाय. आता जरा रडू द्या तिला."